कोटेशन

आतून-बाहेरून दोन हात, कमिटी म्हणाली,
नाताळाच्या आत उरकेल का बघा.
म्हणून टेप घेऊन गेलो.
सांगलीत, नदीच्या अंगाला असलेलं ते जुनं चर्च.
तबीथाबाई अवघडे त्याला देऊळ म्हणतात.
चावी त्यांच्या कमरेला.
चपला बाहेर, म्हणाल्या, पेंटर असलात तरी.

आत अंधार, ओल्या चुन्याचा वास.
मग त्यांनी एक खिडकी उघडली
आणि भिंतीवर माणसं उभी राहिली.

मी आधी रंगच बघितले. सवय.
गेरू. काव. कंदिलाची काजळी. कपड्यांना घालायची नीळ.
संतांच्या डोक्यामागची वर्तुळं हळदीची असणार:
दुपारचं ऊन येतं त्या भिंतीवरची उडालेली,
समोरची अजून पिवळी, जेवून उठलेल्या बोटांसारखी.
हळद उन्हाला टिकत नाही
हे त्या माणसाला कुणी सांगितलं नसेल,
किंवा सांगूनही, पेठेत तीच स्वस्त.
नाव कुठे नाही त्याचं.
वर कबुतराच्या पंखाखाली
अंगठ्याचा एक ठसा, निळा.

शिष्यांची मुंडाशी, एकासारखं दुसरं नाही.
एकाच्या कानात भिकबाळी.
गालीलाच्या पाण्यावर होडी नाहीच,
गुळाची काहिल आहे,
अकरा जण तिच्यात दाटीवाटीने,
एक जण कड धरून ओकतोय.
आणि बारावा, पेत्र, पाण्यात.
एक हात वर.

तिथे टेप लावला आणि थांबलो.
खरं पाणीही तिथवरच आलेलं.
एकोणीसच्या ऑगस्टची तपकिरी रेघ,
पाणसळ लावून मारावी तशी
चारी भिंतींवरून फिरून
पेत्राच्या छातीवर.
खालचे मासे गेले, जाळी गेली,
काहिलीचं बूड गेलं.

नवव्या दिवशी दार उघडलं, तबीथाबाई सांगत होत्या,
गुडघाभर चिखल, बाकं एकमेकांवर चढलेली,
आणि हा बाबा तसाच, तोंड वर करून.
रडायला आलेल्या पोरी हसायला लागल्या.
"आता तरी निघ की बाहेर," म्हणाली एक.

नाव काय तुमचं?
दस्तगीर.
म्हणजे काय वो?
बुडत्याचा हात धरणारा, आजा सांगायचा.
त्या काही बोलल्या नाहीत.
पदराने बाकावरची धूळ पुसत राहिल्या, नसलेली.
मीही पलीकडच्या चित्राकडे,
त्या दुसऱ्या हाताकडे, बघायचं टाळलं.

आमच्या घरीही होती ती रेघ, ट्यूबलाइटच्या पट्टीला लागून.
पाणी उतरल्यावर आठवड्यात घालवली मी.
प्रायमर, लांबी, तीन हात डिस्टेंपर, फिकट आंबा.
दर श्रावणात ती खालून वर येते,
बायको कॅलेंडर सरकवते.

खिडक्या सात, ऑइलपेंट. दार एक.
बाहेरची भिंत, बाराशे चौरस फूट.
एवढं लिहून दिलं.
'आतून' या रकान्यात काट मारली.
कमिटी विचारेल. विचारू दे.

तबीथाबाईंनी खिडकी लावली,
अकरा जण पुन्हा अंधारात, काहिलीत.
चपला घालताना आठवलं,
रेघेपासून तो वरचा हात किती उंच,
ते मोजायचं राहिलं.