जिन्याखालचं

वाच्छाशेठनी बंगला विकला तेव्हा
यादीत मीही होतो :
पाण्याची मोटार एक, चिकूची झाडं साठ,
बिलियर्डचं टेबल, वायरमन.

लहवितच्या वाटेवर, दारणेकडे तोंड करून
त्यांच्या आजोबांनी बांधलेला, हवापालटासाठी.
डिसेंबरात छावणीतले गोरे यायचे शिकारीला.
हाका घालायला आमच्या वाडीची माणसं.
माझा आजा त्यातलाच. दोन आणे
आणि मटणातला वाटा.

नव्या ट्रस्टच्या ओस्तवालांनी पहिलं काम सांगितलं,
भिंतीवरलं सगळं उतरव.
चितळ, सांबर, भेकर, एक चौशिंगा,
काचेच्या डोळ्यांचा बिबट्या; पोटातून भुसा गळायचा त्याच्या.
वनखात्याच्या माणसानं पंचनामा केला,
म्हणाला, पुरून टाक.
मी चिकूखाली पुरले.
खिळ्यांची भोकं लांबीनं बुजवली, चुना मारला.

चातुर्मासाला महासतीजी आल्या,
सहाजणी, घोटीहून चालत.
मी झुंबराचे चाळीस बल्ब पुसून ठेवले होते.
त्या दिवाच लावत नाहीत.
अंधार पडला की माझं काम एवढंच,
सगळी बटणं बंद आहेत ना, ते बघायचं.

त्यांच्यातल्या थोरल्या, कंचनकंवरजी,
तोंडावरच्या पट्टीआडून विचारत्या झाल्या :
किती होते?
सतरा, म्हटलं.
नीट मोजलेस?
रात्री पडल्या पडल्या मोजले.
अठरा.
जिन्याखालचं पाडस राहिलं होतं. त्याला शिंगंच नव्हती,
म्हणून शिंगांच्या हिशेबात धरलं नव्हतं.

श्रावणात भिंतींना ओल चढली
तशी लांबी आधी काळी पडली,
दोन दोन ठिपके, बरोबर माणसाच्या नजरेच्या वर.
ओस्तवाल रंगाचा डबा घेऊन आले.
महासतीजी म्हणाल्या, राहू द्या.

संवत्सरीला सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते.
व्याही व्याह्यापुढे, भाऊ कोर्टातल्या भावापुढे.
गर्दी पांगल्यावर त्या एकट्याच भिंतीकडेनं निघाल्या,
ओघ्यानं पुढची फरशी हलकेच झाडत,
प्रत्येक जोडीपुढे थांबत.
दिवाणखाना संपेपर्यंत पार अंधारलं.
जिन्यापाशी त्या बाजूला सरकल्या
आणि उभ्या राहिल्या.
बोलल्या काहीच नाहीत.

मला त्यांचे शब्द येत नव्हते.
आमच्यात चुकलं तर चुकलं म्हणतात.
चपला काढल्या, वाकलो,
आज्याचं नाव घेतलं.
बोटांना गिलावा ओला लागला.