अर्थिंग

पहाटे साडेचारला चावी फिरवली.
टक्.
परत फिरवली.
टक्.
भरल्या घरात कुणीतरी एकच चुटकी वाजवून
गप्प बसावं, तसं.

छाटणीला अठ्ठावीस दिवस झालेले.
दवानं पानांच्या पाठी ओल्या,
आणि शेजारच्या बागेत काल
डावणीचे तेलकट ठिपके
मी वाकून, पान उलटं करून बघितलेले.
टाकीत औषध कालवून तयार.
आणि हे म्हणतंय, टक्.

बागेचा ट्रॅक्टर. दोन ओळींत मावेल एवढाच.
बोनेट तारेनं बांधलेलं,
तीन मालक करून सावळजला आलेला.
नंबरप्लेटवर आता फक्त दोन आकडे वाचता येतात,
तेही ज्याला माहीत आहेत त्याला.

इलाही मिस्त्री मिरजेला, मोतीबिंदूसाठी.
तरी फोन लावला.
"पट्टी डोळ्याला आहे, कालिंदी, कानाला नाही.
फोन सेल्फजवळ धर. फिरव."
टक्.
"अजून एकदा."
टक्.
मग बराच वेळ नुसता वॉर्ड ऐकू आला:
कुणाचा तरी खोकला, स्टीलचा पेला, चप्पल ओढत जाणारं कुणी.

"क्लच तळाला दाबलास?"
दाबला.
"गिअर काढलास?"
काढला.
"हेडलाइट लाव. त्याच्याकडं बघत चावी फिरव."
दिवा लागला, पिवळा, बरा.
चावी फिरवली, पार विझला.
सोडली, परत आला.
"काल चार्ज करून आणलीस ना बॅटरी? मग तिला बोल लावू नको.
करंट जातोय. त्याला परतायची वाट नाही.
काळी वायर धर आणि तिच्या मागनं जा.
बघू नको. चाचपत जा."

टॉर्च दातांत धरलेला,
म्हणून मी नुसतं हूं, हूं.
सीटखाली, जिथं वायर लोखंडाला बोल्टनं आवळलेली,
तिथं बोटाला भुसभुशीत लागलं.
उजेड पाडला: निळंहिरवं.
मोरचूद.
सोळा हंगाम टाकीतनं ठिबकलेलं,
थेंबाथेंबानं तिथं जाऊन बसलेलं.

पॉलिश पेपर नव्हता.
भांड्याची तारेची घासणी आणली स्वयंपाकघरातनं,
तेरा नंबरचा पाना, जुनं धोतराचं फडकं.
घासत गेले
तसं खालचं लोखंड पांढरं दिसायला लागलं.
आवळलं. चावी फिरवली.
घर्र घर्र घर्र घर्र.
फिरतंय!
पण पेटत नाही.

"काल काय उघडलंवतंस?"
मी गप्प.
"खरं सांग."
फिल्टर, म्हटलं. डिझेलचा. साफ करायला.
मिस्त्री हसले. मग डॉक्टरांनी हसू नको सांगितलंय
हे आठवलं असावं, थांबले.
"हवा घेतली त्यानं. वरचा बोल्ट ढिला कर, पंप दाब."
दाबला. फेस आला.
फेस येतोय, म्हटलं.
"येऊ दे."
अजून येतोय.
"येऊ दे गं. घाई तुला आहे, हवेला नाही."
अंगठा दुखायला लागला.
फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांचे दोन-चार,
मग एकच, मोठा,
आणि मग सलग, बिनआवाजाची धार.

चौथ्या झटक्याला पेटला.
आधी काळा धूर, मग पांढरा,
मग पत्र्याखालचं कुत्रं बाहेर.
मी ओरडून काहीतरी सांगितलं, मलाच ऐकू आलं नाही.
"बंद करू नकोस," मिस्त्री म्हणाले,
"जरा ऐकू दे."

साडीवर मालकांचा जुना शर्ट घातलेला, त्याच्या खिशात
फोन टाकला आणि निघाले.
ब्लोअरचा पंखा, पानांची सळसळ उलटी होत जाणारी,
मणेराजुरीच्या बाजूला आभाळ
राखेच्या रंगाचं.
पहिली ओळ. दुसरी. तिसरी.
बांधाला वळताना रेस कमी केली,
तेव्हा खिशातनं आवाज आला:

"दुसऱ्या ओळीत
गिअर उशिरा टाकलास."