पंचावन्न अंशांवर

उद्यमबागच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
मी लोखंड ओतलं.
रंग बघून सांगायचो, हं, आता उचला लॅडल.
थर्मामीटर होता, पण तो साहेबांच्या टेबलावर.

आता अनगोळच्या ह्या स्वयंपाकघरात
पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून
वाकून बघत बसतो,
खोबऱ्याच्या किसासारखं काहीतरी
सावकाश विरघळताना.
ह्याला रंगच नाही.
पांढरं होतं, पाणी झालं, संपलं.
फोनवरून मैथिली ओरडते,
"बाबा, डोळ्यांवर जाऊ नका, काटा बघा!"

काटा म्हणजे डेअरीतल्या विरूपाक्षाकडून
मागून आणलेला दुधाचा थर्मामीटर.
शंभराच्या पुढं आकडेच नाहीत त्याला.
माझ्या हिशेबात शंभर म्हणजे
भट्टी अजून पेटायचीय.

पहिला घाणा बिघडला.
घाई केली, सत्तरलाच ओतलं.
गार झाल्यावर वातीशेजारी
करंगळी जाईल एवढा खड्डा.
मला हसूच आलं.
हा तर ओळखीचा निघाला!
पंपाच्या कव्हरमध्ये हाच सापडायचा,
इन्स्पेक्टर खडूनं फुली मारायचा
आणि रात्रपाळीची सगळी मेहनत परत भट्टीत.
लोखंड असो, मेण असो,
गार होताना आत ओढून घेतंच.
(माणसांचं मी बोलत नाही.)

दुसऱ्याला वात कलली.
मग कपड्यांचे चिमटे लावून ताठ धरली.
तिसऱ्यात गवती चहाचं तेल जास्त पडलं,
सकाळी बघतो तर वर घामाचे थेंब,
आणि घरात सर्दी झाल्यासारखा वास.

निंगव्वानं खिडकीतून डोकावलं.
"काय करालायसा ओ?"
म्हटलं, सोयाबीनचं मेण.
तिला पटेना.
बैलहोंगलला तिच्या भावाचं चार एकर सोयाबीन,
दर वर्षी पोत्यांनी बाजारात जातं,
तिथनं पुढं कुठं जातं कुणी बघितलंय?
तिनं चिमूटभर किस घेतला,
बोटांत चुरडला, हुंगला,
पदराला हात पुसले.
"आमचंच आसंल की. कुरिअरनं परत आलंय."

ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
"मेणद बत्ती. आनि तुमच्यात?"
मेणबत्ती.
दोघंही जरा गप्प झालो.
ह्या गावात पाट्यांवर डांबर फासताना
मी बघितलंय, दोन्ही लिप्यांच्या.
आणि इथं मध्ये एक "द" तेवढा,
तोही तिनं इतका हळू म्हटला
की मी दोनदा विचारला.

मैथिलीनं लेबलं पाठवलीत, कोरी.
नाव लिहा म्हणते.
अजून लिहिलेलं नाही.

चौथा घाणा पंचावन्नला ओतला.
लोणच्याच्या सहा बाटल्यांत, बारीक धार धरून.
हात कापला थोडा.
तिकडं कधी कापला नव्हता,
तिकडं कापून चालत नव्हतं.

दोन आठवडे हात लावायचा नाही.
वास मुरायला वेळ लागतो,
हे मात्र बाटल्यांना आधीच ठाऊक असणार.

काल रात्री लाईट गेली.
निंगव्वा दारात. "दे की एक."
अजून नऊ दिवस, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं आम्ही नव्या साहेबाकडं बघायचो,
आणि गेली.

थोड्या वेळानं तिच्या खिडकीत उजेड.
टाकून द्यायला म्हणून मी बाहेर ठेवलेली,
पहिल्या घाण्यातली, खड्डा पडलेली,
जळत होती.
अंधारात गॅलरीत उभा राहून
मी ज्योतीचा रंग बघितला बराच वेळ.
एवढं मला अजून
काट्याशिवाय कळतं.