नऊ वॅट

उपकेंद्राच्या प्रत्येक बटणाखाली
जिल्ह्याहून आलेलं स्टिकर आहे:
बाहेर पडताना दिवा बंद करा.
तपासणी खोलीतल्या स्टिकरचा ‘बंद’ सोलून गेलाय.
उरलंय ते असं:
बाहेर पडताना दिवा करा.

वेटोळ्याचा सीएफएल होता तेव्हा
शकील वायरमन शिडीवरून बजावायचा,
“सिस्टर, घडीघडी बटण नका दाबू.
दहा मिनिटात वापस येनार असान तर राहू द्या.
याचा जीव चालू होन्यातच जाते.”
मला पटायचं ते.
माझाही तिथंच जातो.

आता एलईडी.
कितीदा लावा, कितीदा मालवा, रुसत नाही.
सुमेध वर्ध्याहून फोनवर हिशोब देतो:
“नऊ वॅट, आई. एकशे अकरा तास जळला
तर कुठं एक युनिट.
तुझा लसींचा फ्रिज एका दिवसात त्याहून जास्त खातो.”
खात असेल.
माझी आई कंदिलाची वात उतरवूनच
दुसऱ्या खोलीत जायची.
दुसरी खोली नव्हतीच म्हणा,
अंगणात जायची.

तेंदूपत्त्याचे दिवस होते.
रात्री साडेदहाला टोल्यावरून निरोप,
ललिता उईके, दुसरी खेप.
पंचशीला फाटकात स्कूटी चालू ठेवूनच उभी.
किट उचललं, कुलूप घातलं, निघाले.
दिवा राहिला.

बाळ पावणेतीनला झालं. मुलगी,
दोन किलो आठशे, आल्या आल्या भांडखोर.

परतताना खिडकी नाल्यापासूनच दिसली
आणि डोक्यात आधी काय आलं तर,
पाच तास. पाच नवे पंचेचाळीस.
युनिटचा विसावा भागही नाही.

मग पायरीवरचा माणूस दिसला.
मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं पोरगं.
फडीवरचा दौलत आत्राम.
कधी आलास?
“अकरा वाजता.”
कुलूप नाही दिसलं?
“कुलूप नाई पाह्यलं. लाईट पाह्यला.
मले वाटलं मॅडम कोनाचं तरी करून राहिल्या.
मंग कायले दार वाजवू?”

साडेचार तास
माझ्या नसण्यापुढं नंबर लावून बसला होता तो.

थर्मामीटर काखेत धरला. नव्व्याण्णव.
ताप मधल्या रात्रीच कधीतरी उतरला होता,
मला न विचारता.
गोळ्या दिल्या, पाणी उकळून द्यायला सांगितलं,
आवाज चढवायला कुणी मिळेना.
जाताना तोच म्हणाला,
“लाईट नसता, तर मी भेवानं तालुक्याले पैदल निघालो असतो.
अस्वलाच्या वाटेनं.
लाईट होता, मनून धीर होता.”

नऊ वॅटचं खोटं,
आणि त्याच्या भरवशावर एक बाप रात्रभर बसून राहिला.
ते बरं झालं की वाईट,
हे पोराच्या तापानं ठरवलं,
मी नाही.
पुढच्या वेळी ताप वेगळं ठरवेल.

दाराला पाटी लावली. पण दौलतला अक्षर येत नाही
आणि पाटीवरच्या नंबराला रेंज नाही.
तेव्हा पंचशीलानं हापशीवर सगळ्यांना सांगितलं:
खिडकीत उजेड तर सिस्टर आत,
अंधार तर सिस्टर गावात, पोष्टाच्या पोराला धाडा.
तेव्हापासून उंबऱ्यावर दोनदा थांबते.
संडासला गेले तरी मालवते.
पंचशीला हसते,
“बिल कोन भरते मॅडम, तुमी?”

काल रात्री लाईन गेली.
मी आत. बटण चालू. खोली काळीठिक्कर.
गावाच्या हिशोबानं मी नव्हतेच.
टॉर्च घेतला, बाहेर आले,
दौलत बसला होता त्याच पायरीवर बसले.
दगड अजून दुपारचा तापलेला.
कुणी आलं नाही.

चारच्या सुमाराला लाईन आली.
पाठीमागं खोली एकदम उजळली,
माझी सावली अंगणभर पडली.
आत कुणी नव्हतं.
उठायला हवं होतं.
थोडा वेळ तशीच बसून राहिले.