विळा

अकरा वर्षांची होते मी.
मे महिना, सदरचं चर्च, सुट्टीतली बायबल शाळा.
पाळकसाहेब म्हणाले, शेत पिकून उभं आहे,
विळा घेऊन कोण जाणार?
पंखा बंद होता.
शांतवनने आणि मी हात वर केला.
शांतवनने बहुतेक पाणी प्यायला जायचं म्हणून.
मी खरोखर.

वाटलं होतं, दूर कुठंतरी जायचं असेल.
जहाज असेल. निदान रात्रीची बस.
डोंगर, कंदील, न कळणारी बोली.
आई ट्रंक भरून देईल,
अख्खी मंडळी स्टेशनावर येऊन हात हलवेल.

झालं असं, की डीएमएलटी केलं
आणि मेडिकलमध्ये खोली क्रमांक बावीस मिळाली.
खिडकीला वाळ्याची टट्टी, तिच्यावर पाणी मारणारा
रामटेकचा एक शिपाई, शेजारी सायकल स्टँड.
घरापासून साडेचार किलोमीटर.
तेवढंच पाठवलं देवाने.
काही दिवस मी वाट पाहिली, पुढचा पत्ता येईल म्हणून.
काही दिवस म्हणजे नऊ वर्षं.

पहिल्यांदा भिंगाखाली दिसलं तेव्हा
सर म्हणाले होते, गोल आहेत त्या सोडा, बाकीच्या बघा.
लाल पेशी, आणि त्यांच्यात
वाकलेले, टोकदार, बारीक
विळे.
कुणाच्या तरी लेकराच्या अंगात हजारो विळे,
आणि पीक म्हणजे ते लेकरूच.
मी डोळा बाजूला केला.
आपण हात कधी वर केला होता ते आठवलं.
देव थट्टा करतो का,
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

मी जिथं जाणार होते तिथलीच माणसं इथं आली.
एटापल्लीची, धानोऱ्याची,
पहाटे गणेशपेठेला उतरून, पोर खांद्यावर घेऊन, चालत.
बोली मला अजून अर्धीच कळते.
दुखतं, एवढं कळतं.

एकदा झनकलाल आला, पोरीच्या सोयरिकीपायी.
पोरीचं कार्ड पिवळं, पोराचंही पिवळं.
"बाई, एका शब्दापाई काहून लगन मोडता?
नॉर्मल लिहून द्या ना. तुमी त देवाचे मान्सं."
गमछ्यात मोहफुलं बांधून आणली होती.
पाकीट असतं तर सोपं गेलं असतं.
जे दिसलं ते मी लिहिलं.
मग बाहेर बाकावर त्याच्याजवळ बसले,
कागदावर चार लेकरं काढली, एकावर लाल रेघ.
त्याने कागद घडी करून खिशात ठेवला,
मोहफुलं परत नेली.
लग्न झालं की मोडलं, मला माहीत नाही.
याची रविवारी काय साक्ष देणार?

शांतवन पर्थला आहे. पाळक झाला, तोच.
व्हिडिओवर म्हणतो, दोर्कस,
सत्तेचाळीस डिग्रीत अजून तिथंच?
इथंच रे.
त्याच्या मागे समुद्र दिसतो. छान दिसतो.
हेवा वाटत नाही असं लिहिणार नाही,
आजवर खोटं लिहिलेलं नाही.

यंदा निवृत्त होईन.
नवं मशीन आलंय, आलेख काढून देतं,
माझ्याहून लवकर, डोळे न चुरचुरता.
तरी मी एक काच बघतेच. सवय.

आज सकाळी दारात उभी राहून नावं पुकारली.
कधीतरी आपलंही नाव ऐकू येईल असं वाटायचं,
रात्री, स्पष्ट, दोनदा.
आलं नाही. दुसऱ्यांचीच पुकारत राहिले.
"पंचफुला मडावी."
कोणी उठलं नाही.
"पंचफुला मडावी."
कूलरच्या मागून सात-आठ वर्षांची एक मुलगी उठली,
लंगडत आली,
मी आहे, म्हणाली,
आणि न सांगता बोट पुढे केलं.

मी कापसाला स्पिरिट लावलं.