छपरावरचा माणूस

मी छपरावरचा माणूस होतो.
बफेलो शहर, जानेवारी,
सरोवरावरून येणारा वारा कानाच्या पाळ्या कुरतडायचा
आणि माझ्या खिशात, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेली,
दोन औंस पेपरमिंटच्या तेलाची बाटली.

काम सोपं.
सांडपाण्याचा नळ छपरातून जिथे डोकं वर काढतो
तिथे तेल ओतायचं,
मागोमाग बादलीभर उकळतं पाणी,
आणि चिंध्यांनी तोंड बंद.
डोळ्यांतून घळाघळा पाणी.
रडायला कारण लागत नसे त्या नोकरीत.

खाली क्विल्टी, माझा मालक,
या खोलीतून त्या खोलीत
नाकासमोर चालणारा, अगदी शब्दशः.
जिथे पेपरमिंट दरवळलं तिथे गळती.
भिंतीवर खडूची फुली.

"वॅलेंटी, खाली यायचं नाही!"
कारण माझ्या हातांना वास,
बाह्यांना वास, मिशांना वास.
मी जिन्यात पाऊल टाकलं
तर अख्खं घरच गळकं ठरणार.
चार वर्षांत सहाशे घरं तपासली असतील,
आतून एकही पाहिलं नाही.
धुराडी मात्र सगळी ओळखतो.

घरी उलटं.
घरी माझी वाट पाहायचे.
आई दार उघडायची ती कपाळ पुढे करूनच,
अर्धशिशीने एक डोळा मिटलेला.
माझे तळवे ती स्वतःच ओढून कानशिलांवर ठेवायची,
बर्फासारखे गार, आणि आतून चुरचुरणारे,
आणि म्हणायची, "थांब, अजून नको काढूस."
बाप धान्याच्या कोठारात फावडं मारून यायचा,
छातीत गव्हाची धूळ.
त्याच्यासाठी वाफेच्या भांड्यात एक थेंब.
खालच्या मजल्यावरची गोर्चित्सा म्हातारी,
पोटात मुरडा आला की बशीत साखर घेऊनच वर चढायची.
एक थेंब. दोन मागितले तर देत नसे.
दोन थेंबांनी जीभ भाजते, हे मी शिकलो होतो
स्वतःच्या जिभेवर.
गुण येई का? कुणाला येई, कुणाला नाही.
गोर्चित्सा म्हणे, निम्मा गुण तेलाचा,
निम्मा जिने चढण्याचा.

मार्चमध्ये लुत्का झाली.
सुईणीने मला उंबऱ्यावरच अडवलं.
नाक फेंदारून म्हणाली,
"हा वास बाळाच्या तोंडाजवळ नको.
मोठ्यांचा श्वास मोकळा होतो त्याने,
एवढ्याशा जिवाचा अडकतो.
खाली... म्हणजे आत यायचं नाही."
ती खरंच 'खाली' म्हणाली होती,
की मलाच तसं ऐकू आलं?

साबण. राख. व्हिनेगर. पुन्हा राख.
कातडी सोलवटून निघाली.
कुणी कुणाच्या हात धुवून मागे लागतो म्हणतात,
माझ्या मागे हात धुतल्यावरही वासच लागला होता.
अकरा दिवस मी स्वयंपाकघरात झोपलो,
भिंतीपलीकडे माझी मुलगी शिंकायची
आणि मी छपरावर असायचो.

बाराव्या रात्री रोझाल्या दिवा घेऊन आली.
काही न बोलता माझा उजवा हात उचलला,
एकेक बोट हुंगलं,
क्विल्टी हुंगतो तसं, खोली खोली करत.
मग डावा.
अंगठा, तर्जनी, मधलं...
चौथ्या बोटाशी थांबली.
"इथे आहे."

अंगठीखाली.
लग्नाची, पितळेची,
तीन वर्षं काढलीच नव्हती.
तिच्याखाली साचलं होतं सगळं,
सहाशे घरांचं तेल.

लोण्याने बोट चोळून तिने ती ओढून काढली,
खिळ्याला टांगली.
खाली पांढरा, ओला, भिजल्यासारखा चट्टा.
तो कोमट दुधाने धुतला,
पुसला, पुन्हा हुंगला,
आणि दिवा दाराकडे धरून म्हणाली,
"ये आता खाली."

आम्ही एकाच मजल्यावर होतो.
तरी मी पायरी चाचपडावी तसं
पाऊल टाकलं.