चारच्या खाली

मेजर अनसूया वंगारी, वय एक्क्याऐंशी.
जोडबसवण्णा चौकामागच्या बोळात तिसरं घर,
दाराला पाटी नाही.
हुद्दा फक्त पेन्शनच्या पुस्तकात,
बोळात सगळ्यांची अत्तम्मा.

बाप मागावर, आई विड्या वळणारी.
हजार विड्या झाल्या की पोरीला एक वही.
पळून गेली म्हणतात आमच्यात अजून.
पळून नाही, तिकीट काढून गेली,
आणि तिकीट जपून ठेवलं होतं,
ट्रंकेत, पदकाच्या डबीखाली.

भूल द्यायचं काम तिचं.
"झोपवणं नव्हे रे ते," म्हणायची,
"धागा ढिला सोडायचा, तुटू द्यायचा नाही.
कापणारा कापत असतो, शिवणारा शिवत असतो,
तू फक्त श्वासाकडं बघायचं.
डॉक्टरचं नाव पेशंटच्या लक्षात राहतं.
आपलं नाही राहत. तेच बरोबर."

तिला चौदा भाषांतले आकडे यायचे,
पण सगळे उलटे, आणि दहापासून चारपर्यंतच.
पदि, तोम्मिदि, एनिमिदि, एडु.
हत्तु, ओंबत्तु, एंटु.
गढवाली, नागा, डोगरी, तमिळ,
ज्या पोराच्या तोंडून जे ऐकलं ते.
आईच्या भाषेत मोज म्हणायची, माणूस घाबरत नाही.
चारच्या खाली कुणी जायचंच नाही,
म्हणून पुढचे आकडे ती कधी शिकली नाही.

एकदाच एक गेला.
एकाहत्तरचा डिसेंबर, पूर्वेकडं कुठंतरी तंबू,
कंदिलाला बंदी, कारण ईथर पेट घेतं.
पोरगा मोजत मोजत एकावर आला
आणि डोळे उघडून विचारलं, "आता?"

आम्ही लहान होतो, विचारलंच, मग तू काय म्हणालीस?
ती शेंगा सोलत होती.
सोलत राहिली.

रात्री आम्हां भावंडांच्या पापण्यांवरून
बोटाचं टोक फिरवायची.
पापणी हलली की पाठीत धपाटा,
"सोंग करतोस काय बे?"
नाही हलली तर हनुवटीखाली दोन बोटं,
थोडा वेळ,
मग पांघरूण.
सोलापुरात मे महिन्यात पांघरूण!
आम्ही घामानं भिजून उठायचो
आणि बोलायचो नाही.

बोळात दिवसरात्र पॉवरलूम.
पाहुणे झोपेविना जायचे, आम्ही त्या खडखडाटातच वाढलो.
तिचं उलटं. वीज गेली, माग थांबले
की ती ताडकन उठून बसायची,
अंधारात हात पुढं करून,
कुणाच्या तरी जबड्याखाली धरल्यासारखा.
माग पुन्हा सुरू होईपर्यंत तशीच.
मग आडवी व्हायची.
आम्ही याला वेड म्हणायचो, प्रेमानं.

माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो परवा दाखला घेऊन.
कारकून भला माणूस, पाणी दिलं,
फॉर्म स्वतःच भरायला घेतला.
"सैनिकाचं नाव?"
अनसूया नरसय्या वंगारी.
"ते विधवेचं झालं. सैनिकाचं सांगा."
मी पुन्हा तेच सांगितलं.
त्यानं पेन खाली ठेवला, वर पाहिलं,
आणि मला पहिल्यांदा
तिच्यासाठी मोठ्या आवाजात बोलावं लागलं
त्या तीन टेबलांच्या खोलीत.
ती असती तर म्हणाली असती, हळू. आत पेशंट आहे.

ती गेली त्या रात्री माग सगळे चालू होते.
म्हणून आम्हाला कुणालाच जाग आली नाही.
सकाळी चहा घेऊन गेलो.
कपाळ गार, चष्मा उशीजवळ घडी घालून.
कळलं होतं मला. तरी
तर्जनीचं टोक तिच्या पापण्यांवरून फिरवलं,
डावीकडून उजवीकडं, ती करायची तसं.

तेवढ्यात वीज गेली.
एकेक करत बोळातले माग थांबले,
मागच्या बोळातले, त्याच्या मागचे,
सगळा पूर्व भाग गप्प.

चहाचा कप हातात धरून
मी वाट बघत उभा राहिलो.